बिनपगारी पाद्री

भिलाईच्या पावर हाउस भागात माणसांची ये-जा घड्याळापेक्षा कारखान्याच्या पाळ्यांवर चालते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत सरकारने सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार केला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून केरळ, आंध्र, पंजाब, बंगाल, ओरिसा अशा सगळ्या दिशांनी माणसे येथे येत गेली. विदर्भातली मराठी कुटुंबेही आली. छत्तीसगडचा कारभार पूर्वी नागपुरातून चाले, त्यामुळे ही वाट त्यांना अपरिचित नव्हतीच. जो आला तो नोकरीसाठी आला. वेतनश्रेणी, भत्ता आणि वेतनवाढ हे शब्द येथल्या शाळकरी मुलालाही कळतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. घामाचा मोबदला मागणे हा माणसाचा हक्कच होय.

पावर हाउस स्थानकावरून जाणारा लोहमार्ग दुर्ग, राजनांदगाव, नागपूर करीत अखेर मुंबईला जाऊन पोचतो. हा मार्ग आखला जाण्याच्याही आधी, त्याच्या मुंबईकडील टोकाला, सातासमुद्रांपलीकडून एक मनुष्य कामावर रुजू झाला. आणि वर्ष उलटते न उलटते तोच त्याने आपल्या वरिष्ठांना कळविले की, काम करीन, पण पगार घेणार नाही. त्याचे नाव जॉर्ज बोवेन. पुढे तो मेथॉडिस्ट पंथाच्या धर्मोपदेशकांत सामील झाला आणि त्याच पंथाचा पाद्री म्हणून मुंबईतच वारला. मधल्या चाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नाही.

बोवेन यांचा जन्म १८१६ साली अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानात मिडलबरी या गावी झाला. वडील व्यापारी. ते न्यू यॉर्कला येऊन स्थिरावले आणि मुलानेही पेढीवर बसावे अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. मुलाचे मन मात्र पेढीवर रमले नाही. त्याला भाषांचा नाद होता, संगीताचा नाद होता आणि वाचनाचा तर अतोनात नाद होता. या वाचनातूनच ऐन तारुण्यात त्याची धर्मावरील श्रद्धा उडाली. घरची सुस्थिती असल्यामुळे युरोपचा प्रवास झाला, तेथील रंगभूमी आणि चित्रशाळा पाहून झाल्या, आणि नास्तिकपण अधिकच पक्के झाले. ही नास्तिकता चार दिवसांची लहर नव्हती. ती सुमारे अकरा वर्षे टिकली. पुढच्या काळात मुंबईच्या सुशिक्षित तरुणांपुढे उभे राहून जो मनुष्य श्रद्धेची बाजू मांडणार होता, त्याला अश्रद्धेची बाजू आतून ठाऊक होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका मृत्यूमुळे. एमा मॉरिस या तरुणीवर त्याचे प्रेम होते. क्षयाने ती जानेवारी १८४४ मध्ये गेली, आणि जाताना आपले बायबल त्याच्यासाठी ठेवून गेली. ते रोज वाचीत जावे एवढीच तिची इच्छा. बोवेन वाचू लागला तो वचन पाळण्यासाठी, विश्वास बसला म्हणून नव्हे. पुढे ग्रंथालयातून चुकून हाती आलेले पेली या ख्रिस्ती ग्रंथकाराचे पुस्तक त्याने सहज चाळले आणि तो विचारात पडला. त्याच वर्षी तो न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत, म्हणजे पाद्री तयार करणाऱ्या विद्यालयात, दाखल झाला. वर्षारंभी नास्तिक असलेला तरुण वर्ष संपण्यापूर्वी धर्मशास्त्राचा विद्यार्थी झालेला पाहून मित्रमंडळी चकित झाली असल्यास नवल नाही. १८४७ मध्ये दीक्षा घेऊन तो अमेरिकन बोर्ड या मिशनरी मंडळातर्फे हिंदुस्थानास निघाला आणि जानेवारी १८४८ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरला.

मुंबईत अमेरिकन मिशनचे बस्तान त्यापूर्वीच बसलेले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे या मंडळाचे पहिले पाद्री १८१३ मध्येच येथे आले होते. मिशनच्या छापखान्याने मराठी टंकाच्या कलेला जे वळण लावले, ते मराठी मुद्रणाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी हे आपल्याकडील दोन नामांकित मुद्रक त्याच छापखान्यात हात बसवून बाहेर पडले. मिशनच्या शाळा होत्या, आणि अहमदनगरहून १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ पत्र होते. शहरही जागे होत होते. बोवेन आले त्याच १८४८ साली मुंबईत विद्यार्थ्यांची साहित्य आणि शास्त्र सभा स्थापन झाली आणि पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा उघडली. अशा शहरात हा एकतीस वर्षांचा गृहस्थ मराठी शिकू लागला आणि थोड्याच महिन्यांत रस्त्यावर उभा राहून मराठीतून बोलू लागला.

याच काळात त्याच्या मनाला एक प्रश्न डाचू लागला. मिशनऱ्याचा बंगला असे, नोकर असत, गाडी असे. पगार युरोपियन अधिकाऱ्यांच्या मानाने बेताचाच म्हणावयाचा, परंतु ज्या गल्लीत जाऊन तो बोलत असे तेथील माणसाच्या दृष्टीने तो मनुष्य श्रीमंतच होता. ज्याच्याजवळ डोके टेकायला जागा नव्हती अशा गुरूचा संदेश हा बंगलेवाला सांगतो. मग ऐकणाऱ्याने कशावर विश्वास ठेवावा, त्याच्या शब्दांवर की त्याच्या बंगल्यावर? बोवेन यांनी याचे उत्तर स्वतःपुरते देऊन टाकले. १८४९ मध्ये त्यांनी मंडळाचे वेतन सोडले, वस्तीतल्या साध्या जागेत बिऱ्हाड केले आणि शिकवणी करून पोटापुरते मिळवू लागले. आपल्या सहकाऱ्यांनीही असेच करून पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते.

सहकाऱ्यांना हे पटले नाही, आणि त्यांची बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. बोवेन अविवाहित होते. बाकीच्यांना बायकामुले होती. त्या काळी परक्या हवेत युरोप-अमेरिकेतल्या माणसांची मुले फार लहानपणी दगावत, आणि हवेशीर घर ही चैनीची बाब नसून जगण्याची गरज होती. गॉर्डन हॉल तर १८२६ मध्ये प्रवासातच पटकीने गेले होते. शिवाय संस्था चालवावयाची म्हणजे नियम हवा, सर्वांना लागू पडेल असे प्रमाण हवे. एखाद्याने वेतन नाकारले की तो आपोआप दुसऱ्याच्या वेतनावर टीका करीत असतो, मग त्याच्या मनात तसे असो वा नसो. कोणत्याही खात्यात असा एखादा मनुष्य निघाला, तर त्याच्याविषयी आदर वाटतो आणि त्याच्या शेजारी बसणे थोडे अवघडही होते. बोवेन यांच्याबाबत असेच झाले. लोक त्यांना मान देत, त्यांच्या सात्त्विकपणाची वाखाणणी करीत. त्यांच्या मार्गाने जाणारे मात्र फारसे निघाले नाहीत.

त्यांचा दिनक्रम अगदी साधा होता. संध्याकाळी मैदानावर, बाजारात, जत्रेत जाऊन उभे राहावयाचे, चार माणसे जमली की बोलावयाचे, प्रश्नांना उत्तरे द्यावयाची, चोपड्या वाटावयाच्या. दिवसा लेखन. १८५१ मध्ये निघालेल्या ‘बॉम्बे गार्डियन’ या इंग्रजी साप्ताहिकाशी त्यांचे नाव जोडले गेले आणि त्याच्या संपादनाचा भार त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत वाहिला. ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी ही धर्मपर पुस्तके छापून विकणारी संस्था होती. तिचे चिटणीसपणही त्यांच्याकडे आले, आणि तिच्या पुस्तकभांडारातच त्यांचे बिऱ्हाड असे. या लेखनातूनच ‘डेली मेडिटेशन्स’ हा रोजच्या चिंतनांचा ग्रंथ झाला. तो अमेरिकेत छापला गेला आणि पुष्कळ वाचला गेला. ज्या देशात परत जाण्याचे त्यांनी टाळले, त्या देशातल्या घराघरांत त्यांचे पुस्तक मात्र जाऊन बसले.

मराठी श्रोत्याला अधिक जवळची वाटावी अशी हकीकत १८५७ सालची आहे. त्या वर्षीच्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी माणसांची झुंबड उडे. एका बाजूला मिशनरी, दुसऱ्या बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी. बुवांचे मूळ नाव विष्णु भिकाजी गोखले. कुलाबा जिल्ह्यात १८२५ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले, पोटासाठी नोकरी करावी लागली आणि पुढे ते सरकारच्या जकात खात्यात लागले. ऐन विशीत त्यांनी ती नोकरी सोडली, सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन तप केले आणि वेदोक्त धर्माचा उपदेश करीत गावोगाव हिंडू लागले. मुंबईत त्यांची व्याख्याने गाजू लागली, तेव्हा मिशनऱ्यांशी गाठ पडणे अपरिहार्यच होते. त्यांना उत्तरे देण्यास जे उभे राहिले, त्यांत बोवेन प्रमुख होते.

हा प्रसंग डोळ्यांपुढे आणून पाहावा. समोर अरबी समुद्र, भोवती कारकून, विद्यार्थी, व्यापारी आणि नुसती गंमत पाहायला आलेली माणसे. देव कसा, पाप कोठून आले, प्रमाण कोणते, वेद की बायबल, असे प्रश्न वाळूवर उभे राहून विचारले जात आणि त्यांची उत्तरे दिली जात. एक जण जकात खात्याची नोकरी सोडून आलेला, दुसरा मिशनचे वेतन सोडून बसलेला. दोघेही एकटे आणि दोघेही निष्कांचन. मिशनऱ्याच्या बंगल्याकडे बोट दाखवून वाद संपविण्याची सोय विष्णुबुवांना निदान बोवेन यांच्यापुढे नव्हती. आणि हा भटजी दक्षिणेसाठी बोलतो, असे म्हणण्याची सोय बोवेन यांना नव्हती. त्यामुळे वाद झाला तो मतांचाच झाला. बुवांचे युक्तिवाद तिखट होते, त्यांची विनोदबुद्धी जमावाला आवडे, आणि किनाऱ्यावरची सहानुभूती बहुधा त्यांच्याच बाजूला असे. याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटला. गोऱ्या पाद्र्याशी जाहीर वाद घालणाऱ्या बुवाकडे सरकार त्या दिवसांत कोणत्या नजरेने पाहत असेल, हे सांगावयास नको. तरीही या सभांचा वृत्तांत उरला. बोवेन यांनी तो इंग्रजीत पुस्तकरूपाने त्याच साली प्रसिद्ध केला, तर बुवांच्या बाजूची हकीकत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने मराठीत आली. प्रतिपक्षाचे म्हणणे छापून ठेवण्याइतका ज्या वादात दम असतो, तो वाद फुकट गेला असे म्हणता येत नाही.

पण या वादातून बोवेन यांना हवे होते ते निष्पन्न झाले नाही. बुवा वेदांवर ठाम राहिले आणि बोवेन बायबलावर. ऐकणारे घरी गेले. याचे कारण काय असावे? बोवेन यांचा अंदाज असा होता की, पाद्री आणि लोक यांच्यामधली पैशाची भिंत पडली की मने आपोआप जवळ येतील. ज्या समाजात ते आले होते त्या समाजाला निष्कांचन साधूचे अप्रूप फारसे नव्हते. महाराष्ट्राच्या वाटेवाटेवर असे साधू भेटत. लोक त्यांच्या पाया पडत, त्यांना भाकरी वाढीत, आणि आपले कुलाचार आपल्या जागी ठेवीत. गोरा साधू हे नवल खरे, तथापि त्याच्याही पाया पडून आपल्या वाटेने जाता येतेच. धर्मांतराच्या आड जे उभे होते ते पाद्र्याचे वेतन नव्हतेच. जात उभी होती, आई-बाप उभे होते, बायको आणि भाऊबंद उभे होते. बाप्तिस्मा घेणारा मनुष्य आपले घर गमावीत असे. बोवेन यांनी वेतन सोडले त्याच १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी गुप्तपणे स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या त्या बुद्धिमान माणसांनीही आपली नावे बाहेर फुटू नयेत याची काळजी घेतली होती. १८६७ मध्ये प्रार्थनासमाज निघाला. मिशनऱ्यांच्या उपदेशातली नीती आणि एकेश्वराची कल्पना पटलेल्या मंडळींना बाप्तिस्म्याशिवाय बसता येईल अशी ती जागा होती. बोवेन यांच्या बोलण्याने किती माणसे अशा वाटांकडे वळली, याचा हिशेब कोणत्याही मिशनच्या वहीत सापडावयाचा नाही. त्यांच्या स्वतःच्या खात्यावर धर्मांतरे फार थोडी पडली.

दरम्यान मुंबईने पैशाची एक विलक्षण जत्रा पाहिली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद पडला, आणि १८६१ ते १८६५ या चार-पाच वर्षांत मुंबईच्या बाजारात सोन्याचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे भाग एका रात्रीत चढत. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. भल्याभल्यांची दिवाळी निघाली. बोवेन यांच्याच मायदेशातील रक्तपाताने हे शहर श्रीमंत झाले होते आणि तेथील शांततेने ते भिकेला लागले. या साऱ्या काळात पुस्तकभांडारातल्या त्या बिऱ्हाडात काही फरक पडल्याचे दिसत नाही. चढत्या बाजारात तेथे काही आले नव्हते आणि पडत्या बाजारात जाण्यासारखे काही नव्हते.

मेथॉडिस्ट पंथाशी त्यांचा संबंध आला तो याच्या नंतर. विल्यम टेलर नावाचे अमेरिकन मेथॉडिस्ट पाद्री १८७१ च्या अखेरीस मुंबईत आले. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात आलेल्या माणसांपुढे रस्त्यावर उभे राहून उपदेश करण्यात त्यांचा आवाज तयार झालेला होता. त्यांनी मुंबईतले इंग्रज आणि अँग्लो-इंडियन लोक, विशेषतः रेल्वेतील नोकरवर्ग, यांच्यात काम सुरू केले, आणि १८७२ च्या आरंभी तेथे मेथॉडिस्ट मंडळी स्थापन झाली. टेलर यांचा आग्रह असा की, मंडळीचा खर्च मंडळीनेच चालवावा; अमेरिकेतून पैसा मागू नये. बोवेन हेच तत्त्व वीस-बावीस वर्षे एकटे जगत होते. आता तेच तत्त्व घेऊन एक चळवळ त्यांच्या दाराशी आली, आणि १८७३ मध्ये वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी तिच्यात प्रवेश केला. टेलर वादळासारखे आले आणि गेले. मुंबईत राहून मंडळी सांभाळण्याचे काम बोवेन यांच्यावर पडले.

ही मंडळी लोहमार्गाच्या कडेने वाढली, कारण तिचे सभासदच रेल्वेचे नोकर होते. जेथे रेल्वेची वसाहत, तेथे मेथॉडिस्टांची प्रार्थनासभा, असा क्रम पडला, आणि नागपूरपर्यंत तो पोचला. छत्तीसगडात तोपर्यंत वेगळे मिशन आलेले होते. ऑस्कर लोर यांनी १८६८ मध्ये रायपूरकडे येऊन बिश्रामपूरला सतनाम्यांमध्ये काम मांडले होते, परंतु ते मेथॉडिस्ट नव्हते. मेथॉडिस्ट आले ते बस्तरात. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर गुलबर्ग्याकडे अनाथ मुलांचा सांभाळ करणारे चार्ल्स वॉर्ड हे टेलर यांच्याच स्वावलंबी परंपरेतले. त्यांनी १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जगदलपूर गाठले आणि तेथे मिशनचे ठाणे घातले. मुंबईच्या गल्लीत एका माणसाने स्वतःपुरता घेतलेला निर्णय, दुसऱ्याच्या चळवळीत मिसळून, असा इंद्रावतीच्या काठापर्यंत गेला. तेथे तो शुद्ध स्वरूपात टिकला, असे मात्र नाही. शाळा, दवाखाने आणि अनाथालये निघाली की इमारती लागतात, इमारतींना पैसा लागतो, आणि मेथॉडिस्ट मिशनलाही अखेर अमेरिकेतून पैसा घ्यावाच लागला. अनाथ मुलांची पोटे तत्त्वावर भरत नाहीत, हे वॉर्ड यांच्याइतके कोणाला कळले असणार?

बोवेन यांना आपल्या प्रयोगाचे फळ काय मिळाले, हे त्यांना स्वतःलाच विचारणारे लोक भेटत. आपण अपेक्षा केली होती तितकी लोकांशी जवळीक या राहणीने साधली नाही, हे त्यांनी उतारवयात मोकळेपणाने मान्य केल्याचे त्यांच्या परिचितांनी नमूद करून ठेवले आहे. ही कबुली देणे सोपे नव्हते. ज्या गोष्टीसाठी घर, संसार, मायदेश आणि सहकाऱ्यांचा सहवास बाजूला सारला, तिने आपला हेतू साधला नाही, असे सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाने म्हणावयाचे! त्याहून विशेष हे की, असे म्हटल्यावरही त्यांनी राहणी बदलली नाही. प्रयोग म्हणून जे सुरू झाले होते, त्याचा निकाल विरुद्ध लागल्यावरही ते चालू राहिले. तेव्हा ते प्रयोग उरले नव्हते हे उघड आहे. पुढे रॉबर्ट स्पीअर यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले, ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनीही चरित्रकाराला हा मनुष्य सोडवत नव्हता.

५ फेब्रुवारी १८८८ रोजी बोवेन मुंबईत निवर्तले. ‘गार्डियन’चे काम तोपर्यंत त्यांच्याच हाती होते. कुलाब्याला अपोलो बंदराच्या आसपास त्यांच्या नावाचे मेथॉडिस्ट चर्च आहे. पावर हाउसहून निघालेला प्रवासी मुंबईला उतरून बंदर पाहावयास गेला, तर त्या दगडी इमारतीवरून त्याला जावे लागते. पाटीवर बोवेन मेमोरियल असे नाव आहे. घर नको म्हणणाऱ्या माणसाच्या नावाची एवढी भक्कम इमारत उभी आहे, आणि रविवारी तेथे प्रार्थनेला माणसे जमतात.